फाटक्या चटईचं सुतक

एल्डर हॅल्वर टिंगी यांची कमरेची चटई टोआकासेच्या डुकराने खाल्ली, ती बुधवारी सकाळी. चटई कुंपणावर उन्हाला टाकली होती आणि कुंपण टोआकासेच्या अंगणाला लागून होतं. डुक्कर तिचं लाडकं. शनिवारी तिच्या मुलीचं, सेइनीचं लग्न होतं आणि त्या पंगतीसाठी सव्वा वर्ष खोबरं आणि पपया खाऊ घालून तिने ते वाढवलं होतं. गावातले लोक त्याला 'दुसरा नवरदेव' म्हणत.

"आर्डिस! माझी चटई!" हॅल्वर ओरडले.

आर्डिस टिंगी खिडकीतून डोकावल्या. "अर्धी आहे की अजून."

"अर्धी चटई माझ्या कमरेला कुठून पुरणार?"

"पोट कमी कर म्हणून डॉक्टर आठ वर्षं कानीकपाळी ओरडतोय. तेव्हा ऐकलं नाहीस."

दहा वाजता प्रार्थनामंदिरात बैठक होती. टोंगा बेटांवरच्या आमच्या गावात माणूस मंदिरात अनवाणी गेला तरी चालतं, पण कमरेला चटई न गुंडाळता गेला, तर त्याने उघडंच जावं, फरक काही नाही. अमेरिकेतून या जोडप्याला 'एल्डर' आणि 'सिस्टर' म्हणून सेवेला पाठवणाऱ्या चर्चच्या मिशनने हे त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कुठली चटई कधी नेसायची, हे मात्र सांगायचं राहून गेलं होतं.

अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत दारामागे आणखी एक चटई टांगलेली होती. आधी राहून गेलेल्या कुणाची तरी असावी. चांगली गोधडीएवढी मोठी, छातीपासून नडगीपर्यंत येणारी, कडा झिजून लोंबणाऱ्या, मध्ये दोन भोकं. हॅल्वर म्हणजे आयडाहोमधला जन्माचा बटाटे पिकवणारा शेतकरी. वस्तू तीनदा मोडल्याशिवाय टाकायची नाही, हा त्यांचा खाक्या. त्यांनी ती चटई झटकली, दोरीने आवळली आणि बायकोपुढे येऊन उभे राहिले.

"फार मोठी वाटते रे," आर्डिस म्हणाल्या.

"मोठी आहे म्हणजे मानाचीच असणार."

इथेच गाडं अडलं. सुतकात नेसलेली चटई जितकी मोठी आणि जितकी फाटकी, तितकं गेलेलं माणूस मोठं आणि मानाचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. हॅल्वर पडले परके. ते मजेत शीळ घालत रस्त्याने निघाले.

मंदिराच्या फाटकात मलाकाई झाडत होता. मलाकाई मंदिराची देखभाल करतो. दहा वर्षं ऑकलंडला इमारतींवर काम करून आलेला, त्यामुळे त्याचं इंग्रजी सफाईदार. एरवी तो हॅल्वरशी इंग्रजीतच चेष्टा करायचा. पण ती चटई पाहून त्याच्या हातातला झाडू थांबला. दुःखाच्या घरी परक्या भाषेत बोलू नये, एवढी रीत तो ऑकलंडला विसरला नव्हता. त्याने मान खाली घातली आणि शुद्ध टोंगन भाषेत सुरुवात केली.

आता हॅल्वर यांच्या टोंगनबद्दल सांगायला हवं. चौदा महिन्यांत त्यांना दोन शब्द पक्के आले होते. 'इओ' म्हणजे हो आणि 'इकाई' म्हणजे नाही. त्यातला दुसरा त्यांनी कधी वापरलाच नाही, कारण पाहुण्याने नाही म्हणू नये अशी त्यांची समजूत. समोरचा काही बोलला की ते दोनदा मान डोलवायचे, 'इओ' म्हणायचे आणि जरा उदास हसायचे. ते उदासपण वरच्या कवळीमुळे यायचं, पण लोकांना ते मनापासून वाटायचं.

"फार जवळचं माणूस होतं का?" मलाकाईने हळूच विचारलं.

"इओ."

"सिस्टरच्या माहेरचं?"

"इओ."

इतक्यात रस्त्याच्या पलीकडून आर्डिस आल्या. अंगात सूर्यफुलांचा पिवळाधमक झगा. मुलींना पेटी शिकवायला निघाल्या होत्या. मलाकाईला दुरून हात हलवून त्या हसत हसत पुढे गेल्या. मलाकाईने त्या पिवळ्या झग्याकडे पाहिलं, मग हॅल्वर यांच्या चटईकडे.

"एल्डर, सिस्टरना अजून सांगितलेलं नाही की काय?"

"इओ," म्हणाले हॅल्वर, आणि उदास हसले.

दुपारपर्यंत बातमी साऱ्या गावात झाली. सिस्टरच्या माहेरचं कुणी तरी मोठं माणूस गेलंय, म्हाताऱ्याने सगळं स्वतःच्या छातीवर झेललंय आणि त्या बिचारीला पत्ता नाही. कुणी तोंडातून ब्र काढायचा नाही, असं ठरलं. आमच्या गावात एखादी गोष्ट बोलायची नाही असं ठरलं, की ती फक्त डोळ्यांतून बोलली जाते. पेटीच्या वर्गात मुलींनी एकेक करून आर्डिसना मिठी मारली. मासे विकणाऱ्या बाईने सगळ्यात मोठा मासा त्यांच्या पिशवीत कोंबला आणि तोंड फिरवलं. टोआकासे तर कुंपणावरून सुरणाएवढे कंद घेऊन आली.

"बस सिस्टर, उभी राहू नकोस. खाल्लंस का? खाऊन घे. अंगात ताकद पाहिजे."

"कशाला ताकद?" पेटीच्या पोरींकडून कामापुरती टोंगन शिकलेल्या आर्डिसनी विचारलं.

"अशीच," टोआकासे म्हणाली आणि पदराऐवजी बाहीला डोळे पुसून घरात पळाली.

आर्डिस भारावून गेल्या. घेतलं तर दिलं पाहिजे, म्हणून गुरुवारी त्यांनी केळ्याचे आठ ब्रेड भाजले आणि घरोघर वाटले. प्रत्येक दारात बायका ब्रेड हातात घेऊन रडल्या.

"हॅल्वर, माझा ब्रेड खाऊन लोक रडतात. चव्वेचाळीस वर्षांत तू एकदा तरी रडलास का?"

"रडलो होतो," हॅल्वर म्हणाले, "पण तेव्हा तो करपला होता."

चटई मात्र ते उतरवीनात. रस्त्याने चालले की पुरुष थांबून मान लववायचे, पोरं सायकलीवरून उतरायची. चौदा महिने गावाचा पंप आणि शाळेची बाकं दुरुस्त करून मिळाला नाही एवढा मान एका चटईने मिळवून दिला होता.

खरा घोळ कुंपणापलीकडे चालला होता. शेजारी सुतक असताना आपल्या अंगणात ढोल वाजवणं म्हणजे तोंड काळं करून घेणं. गुरुवारी संध्याकाळी टोआकासेने मुलीला समोर बसवलं.

"लग्न पुढे ढकलायचं."

"पुढे म्हणजे कधी?" सेइनी उसळली. "फेलेती सोमवारी न्यूझीलंडला चाललाय, सफरचंदाच्या बागेत. सात महिने!"

"मग सात महिन्यांनी."

"सात महिन्यांत तो सफरचंदांबरोबर बायकोही आणेल तिथून!"

"आणली तर आणली. शेजारीण रडत असताना माझी पोरगी नाचली, हे मी ऐकून घेणार नाही. आणि आपलं डुक्कर उद्या त्यांच्याकडे जाईल. सर्वांत जवळच्या शेजाऱ्याने सर्वांत मोठं डुक्कर न्यायचं असतं."

सेइनी रात्रभर रडली. टोआकासेही रडली, पण ती नवऱ्यामागे एकटीने पोर वाढवलेली बाई, रडतानाही आवाज करत नाही.

शुक्रवारी सकाळी हॅल्वर दात घासत व्हरांड्यात आले आणि ब्रश तोंडातच राहिला. पायरीपासून फाटकापर्यंत कंदांचा ढीग, त्यावर नव्याकोऱ्या चटयांच्या गुंडाळ्या, बाजूला भाजायला तयार दोन डुकरं. अंगणात अख्खं गाव काळे कपडे घालून बसलेलं. गावाच्या वतीने बोलायचा मान ज्यांचा, ते उसाइया आजोबा हातात काठी घेऊन घसा साफ करत होते. आणि कुंपणातून नवरदेव फेलेती 'दुसऱ्या नवरदेवा'ला दोरीने ओढत आणत होता. मलाकाई सुरी घेऊन उभा.

डुक्कर पाहताच हॅल्वरना सगळा उलगडा झाला, म्हणजे त्यांना तसं वाटलं. ते धावत मलाकाईपाशी गेले.

"अरे, एका चटईपायी जीव घेता काय त्याचा? मी माफ केलं त्याला! गावाने एवढा दंड भरायची काय गरज होती?"

मलाकाईने तीन दिवसांत पहिल्यांदा इंग्रजीत तोंड उघडलं. "कुठल्या चटईपायी?"

"माझ्या. ती या डुकराने खाल्ली. म्हणून तर ही पत्र्याच्या खोलीतली नेसून फिरतोय."

मलाकाईने चटईकडे पाहिलं, डुकराकडे पाहिलं, मग सुरी हळूच गवतावर ठेवली.

"एल्डर, नीट ऐका आणि 'हो' म्हणू नका. तुमच्याकडे वारलं कोण?"

"वारलं? कुणीच नाही. सगळे ठणठणीत आहेत."

मग मलाकाईने त्यांना अंगणातच बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चटईचा अर्थ, तीन दिवसांचं रडं, सतरा नव्या चटया, आणि शेवटी लग्नाचं. हॅल्वर यांचा चेहरा टूथपेस्टसारखा पांढरा झाला.

"लग्न मोडलं? माझ्यामुळे?"

"मोडलं नाही. लांबलं. पण फेलेतीकडे बघा, त्याला यातला फरक कळतोय असं वाटतं का?"

हॅल्वर भोळे होते, पण भित्रे नव्हते. ते गावापुढे उभे राहिले आणि त्यांनी खरं ते बोलून टाकलं. मलाकाईने वाक्यावाक्याला भाषांतर केलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. टोआकासेने मान खाली घातली. सगळ्यांच्या नजरा उसाइया आजोबांकडे गेल्या.

"नेलेला मान, डुकरं काय नि चटया काय, परत घरी आणायचा नसतो," आजोबा सावकाश म्हणाले. "आणि मयत नाही, तर तो घ्यायचा कुणी? आणि सुतक धरलं ते फिटायचं कसं? मी ऐंशी वर्षांचा झालो, असला पेच पाहिला नाही."

तेवढ्यात आर्डिस ब्रेडचं ताट घेऊन बाहेर आल्या. पिवळाच झगा. एवढे काळे कपडे पाहून त्या थबकल्या. हॅल्वरनी हात चोळत चोळत त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे तीन दिवस यांना वाटत होतं, माझं कुणी तरी गेलंय? म्हणून ही माया?"

"हो."

आर्डिसनी ताट खाली ठेवलं आणि त्या पायरीवर बसल्या.

"व्हर्ला," त्या म्हणाल्या.

हॅल्वरनी टोपी काढली.

"माझी थोरली बहीण," आर्डिस म्हणाल्या. "आई लवकर गेली, तिनेच मला वाढवलं. फेब्रुवारीत गेली. फोन आला तेव्हा मी मुलींना पेटी शिकवत होते. फोन ठेवला आणि पुढचा सूर सांगितला. पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, म्हणून गेले नाही. लोकांना काही द्यायला आलोय, आपलं दुःख कशाला द्यायचं त्यांना? याला म्हटलं, कुणाला सांगायचं नाही. हाही हो म्हणाला."

मलाकाईने हे टोंगनमध्ये सांगितलं. टोआकासे ताडकन उठली. रडायला नव्हे, भांडायला.

"फेब्रुवारीत? आईच्या जागी असलेली बहीण गेली आणि ही बाई पिवळा झगा घालून आमच्या पोरींना सा रे ग शिकवतेय! एक कुंपण मध्ये! आम्ही काय मेलो होतो ग?"

आणि मग तिने आर्डिसना छातीशी घट्ट धरलं. आठ महिने अडलेलं रडणं एकदम बाहेर पडलं. त्या हुंदके देऊन रडल्या आणि सारं गाव त्यांच्याबरोबर रडलं. तीन दिवस चोरून रडावं लागलं होतं, आता मोकळीक होती.

उसाइया आजोबा तेवढ्या वेळात बोटं मोजत होते. दोनदा मोजून झाल्यावर त्यांनी काठी आपटली.

"फेब्रुवारी ते ऑक्टोबर. आठ महिने! अहो, सुतक केव्हाच फिटलं की! एल्डर, ही चटई अजून अंगावर कशी तुमच्या? लाज नाही वाटत? सोडा आधी!"

हॅल्वरनी गडबडीने दोरी सोडली. आठ महिन्यांचं राहिलेलं आम्ही दुपारपर्यंत उरकलं. आजोबांचं भाषण झालं, गाणी झाली, आर्डिसनी पेटीच्या मुलींना जवळ बसवून व्हर्लाच्या गोष्टी सांगितल्या, चटया रीतसर स्वीकारल्या गेल्या आणि दोन डुकरं भुईतल्या भट्टीत गेली. 'दुसऱ्या नवरदेवा'ला तेवढं एका दिवसाचं आयुष्य मिळालं. पहिला नवरदेव त्याला मिठी मारायचाच बाकी होता.

शनिवारी ढोल वाजले. टोआकासेने नवऱ्याची जपून ठेवलेली चटई हॅल्वरना नेसवली होती. जेवताना ती त्यांच्यापाशी आली आणि भरभर काही तरी बोलली. हॅल्वर यांची मान सवयीने एकदा डोललीच. दुसऱ्यांदा डोलायच्या आत त्यांनी ती आवरली.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "हळू."

टोआकासेने खाणाखुणा करत सावकाश सांगितलं, "पुढच्या वर्षी तुमची मुदत संपते ना? तुम्ही खुशाल जा. सिस्टरला इथेच ठेवून जा. ठेवाल ना?"

"इकाई!" हॅल्वर इतक्या जोरात ओरडले की ढोलवाला थांबला. तो शब्द त्यांच्या तोंडून गावाने कधी ऐकलाच नव्हता.

आर्डिस हातातल्या हाडावरून नजर न उचलता म्हणाल्या, "मला विचारलं का कुणी?"