नोट्सप्रमाणे ब्राझील

लातूरच्या एका नामांकित क्लासने दहावीच्या स्पेशल बॅचसाठी चाळणी परीक्षा घेतली. विषय भूगोल. प्रश्न एकच : भारत आणि ब्राझील यांची तुलना करा. नांदेडचे घड्याळ-दुरुस्तीवाले चांदपाशा यांच्या अर्शियाने नद्या, राज्यकारभार, शेती, निर्यात सगळं जिथल्या तिथं लिहिलं. तिला वीसपैकी शून्य गुण मिळाले.

चांदपाशांनी सरकारी पुस्तक पिशवीत घातलं, एसटी पकडली आणि थेट संचालक शिवशंकर सरांना गाठलं. सरांनी पुस्तक आणि ज्यांवरून पेपर तपासले त्या क्लासच्या नोट्स ताडून पाहिल्या आणि चूक जागेवर मान्य केली. छापताना तक्त्याच्या डोक्यावरची दोन नावं अदलाबदल झाली होती. नोट्समधल्या भारतात अ‍ॅमेझॉन वाहत होती आणि लोक पोर्तुगीज बोलत होते. मान्सून, हिमालय आणि लोकसभा ब्राझीलकडे गेली होती.

"मग दुरुस्त करून टाका की, सर."

"चाचा, पहिल्या वीस पोरांचे फ्लेक्स चौकात लागले. त्यांनी नोट्स तोंडपाठ केल्यात. आता गंगा भारतात आणली तर वीसच्या वीस नापास. फ्लेक्सवरच्या पोराला नापास कसं करावं?"

सर माणूस म्हणून भले. त्यांनी तक्रार समितीपुढे ठेवली. समितीने आठ दिवस सखोल अभ्यास करून लेखी कळवलं : विद्यार्थिनीने ब्राझीलची माहिती भारताच्या रकान्यात लिहिल्याचे निष्पन्न झाले आहे. तसेच तिचा पत्ता गोदावरीकाठचा असून, अधिकृत नोट्सनुसार गोदावरी ब्राझीलमध्ये आहे. स्पेशल बॅच केवळ भारतीय विद्यार्थ्यांसाठी असल्याने अर्ज अपात्र.

चांदपाशा पत्र घेऊन पुन्हा लातुरात. "आन् लातूर कुठं हाय, सर? तुमची मांजरा बी गोदावरीलाच मिळती."

सरांनी नोट्स चाळल्या. "लातूर पोर्शनमध्ये न्हाई, चाचा."

मात्र फेरपरीक्षेची सोय होती. परदेशी विद्यार्थ्यांनाही ती एकदा देता येत असे. चांदपाशांनी नोट्सचा संच लेकीपुढे ठेवला. तिने पहिलं पान वाचलं आणि वर पाहिलं.

"अब्बा, हे चूक हाय."

"हाव, बेटा. पर बॅच खरी हाय."

अर्शियाने सरकारी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग पाठ करायला बसली. वीसपैकी वीस.

आता चौकात एकविसावा फ्लेक्स आहे. अर्धापूरपासून निलंग्यापर्यंतचे पालक त्याखाली उभे राहून मान वर करून बघतात. अ‍ॅमेझॉन नेमकी कुठं वाहते, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. नोट्स कुठं मिळतात, एवढंच विचारतात. रांग लांब आहे. मागून ढकलू नका. तुमचाही नंबर लागेल.