पेशंट गळतोय

आमच्या येरवड्याच्या सोसायटीत काहीही बिघडलं, की तळमजल्यावरच्या मेश्राम सिस्टर आधी त्याची हिस्टरी घेतात. लिफ्ट बंद पडली तेव्हा त्यांनी वॉचमनला विचारलं होतं, असं पूर्वी कधी झालं होतं का, आणि झालं तेव्हा सोबत कोण होतं. पाण्याचा पंप कुरकुरायला लागला तेव्हा त्याच्या अंगाला हात लावून, "ताप आहे याला," एवढंच सांगून त्या घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी पंप जळाला. तेव्हापासून सिस्टरांना हसायचं असलं तरी लोक आधी इकडंतिकडं बघून घेतात.

सिस्टर मूळच्या नागपूरकडच्या. पुण्यातल्या दवाखान्यांत नर्स म्हणून जन्म काढला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी अंगातली ड्यूटी उतरलेली नाही. राहतात एकट्या. भाषा आता बरीचशी पुणेरी झालीय, पण राग आला की आतलं नागपूर वर येतं.

मी सेकंडहँड मोटरसायकल घेतली आणि त्यांच्या तावडीत सापडलो. गाडी दिसायला झकास होती. फक्त जिथं उभी करावी तिथं तळहाताएवढा काळा डाग पडायचा. इंजिनाचं तेल गळत होतं. पहिल्या मेकॅनिकनं इंजिनाच्या खालच्या बाजूचं पॅकिंग बदललं. दुसऱ्यानं ते पॅकिंग चुकीचं बसवलंय म्हणून पुन्हा बदललं. डाग होता तिथंच राहिला. आठवड्याभरात आमच्या सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, "पार्किंगमध्ये तेलाची रांगोळी काढणाऱ्या सभासदाने आपली कला स्वतःच्या दिवाणखान्यात जोपासावी."

ती सूचना वाचून सिस्टर टॉर्च घेऊन आल्या, गाडीपाशी उकिडव्या बसल्या आणि माझी चौकशी सुरू झाली. कधीपासून गळतंय, चालताना जास्त की उभी असताना, रंग कसा, घट्ट की पातळ. मला यातलं एकही सांगता येईना. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू पोराला तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आणणारा बाप मीच.

मी म्हणालो, आता तिसऱ्या मेकॅनिककडं नेतो. त्या म्हणाल्या, "आधी आंघोळ घाल. घाणीत जखम दिसत नाही."

शनिवारची माझी सकाळ रॉकेल आणि जुन्या टूथब्रशानं इंजिन घासण्यात गेली. सिस्टर खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या आणि कुठं राहिलंय ते चपलेच्या टोकानं दाखवत होत्या. इंजिन कोरडं झाल्यावर त्यांनी घरातून पावडरचा डबा आणला आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या इंजिनावर पावडर उडवली. गुलाबाच्या वासाची. वॉचमननं गंभीरपणे विचारलं, गाडीला बघायला पाहुणे येणार आहेत का. सिस्टर म्हणाल्या, "येणार आहेत. तू चहा ठेव." तो खरंच चहा ठेवायला गेला.

मग त्यांनी मला गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवायला लावली. आम्ही दोघं पांढऱ्याफटक इंजिनाकडं टक लावून बसलो. आधी काहीच होईना. मग एकदम वर, अगदी माथ्याजवळ, एका झाकणाच्या कडेला ओलसर ठिपका उमटला. त्याची बारीक तपकिरी रेघ झाली आणि पावडरीतून वाट काढत, वळसे घेत खाली उतरली. थेंब पडला तो थेट आमच्या नेहमीच्या डागावर.

"बघ," सिस्टर म्हणाल्या. "रक्त डोक्यातून वाहून राहिलं, आन् तुम्ही बावा पायाला पट्ट्या बांधून राहिले."

झाकण उघडल्यावर आतली रबराची रिंग बिस्किटासारखी तुटून हातात आली. मी नवी आणली, बसवली आणि सगळा राग पान्यात आणून झाकण आवळायला लागलो. सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "पुरे. श्वास घेऊ दे त्याला." पुढचे तीन दिवस त्यांनी रोज रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं आणि सकाळी मी ऑफिसला निघताना ते उचलून उजेडात धरलं. तिन्ही दिवस कागद कोरडा निघाला.

चौथ्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी एक खाल्ला आणि विचारलं, रविवारी मला कसबा पेठेत सोडशील का.

त्यांच्या सीनियर, ओक सिस्टर, तिथं लेकीकडं असतात. मेश्राम सिस्टर खेड्यातून येऊन पहिल्यांदा वॉर्डात उभ्या राहिल्या, तेव्हा सलाइन लावण्यापासून डबा वाटून खाण्यापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. आता त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, असं लेकीनं फोनवर सांगितलं होतं. त्याला वर्ष झालं होतं.

मी विचारलं, मग इतके दिवस गेला का नाहीत, रिक्षा तर दारात मिळते.

"दोनदा गेले. गल्लीच्या तोंडापर्यंत. रिक्षावाल्याला परत फिरव म्हटलं की तो फिरवतो. तू विचारशील, कशाला आलो होतो म्हणून."

रविवारी त्या इस्त्रीची साडी नेसून मागं बसल्या. एरवी मला गिअर कसा टाकावा हेही सांगितलं असतं, पण त्या दिवशी वाटभर नुसता पदर सारखा करत राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि गर्दीतून आम्ही चालत गेलो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्या थांबल्या. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं कठड्याला धरून त्या चढायला लागल्या.

ओक सिस्टर खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या. केस पांढरे, पाठ ताठ. लेकीनं मोठ्यानं सांगितलं, आई, बघ कोण आलंय. त्यांनी सिस्टरांना नीट निरखलं, पण चेहऱ्यावर काही हललं नाही.

मला वाटलं, सिस्टर आता आपलं नाव सांगतील, वॉर्ड सांगतील, कसलीतरी आठवण करून देतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. पलंगाच्या कडेला बसल्या आणि नाडी बघायला हात पुढं केला. ओक सिस्टरांनी आपला हात झटकन मागं घेतला.

"नवीन आहेस का गं?"

"हो सिस्टर," मेश्राम सिस्टर म्हणाल्या. "आजच ड्यूटीवर आले."

"मग आधी हात गरम करून घे. गार हात लावायचा नाही पेशंटला."

मेश्राम सिस्टर दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायला लागल्या. बराच वेळ चोळत राहिल्या.