सम्राट बाइंडर पहिले

बाइंडरचं पत्र येऊन दोन महिने होत आले, तरी ग्रंथपालांनी उत्तराची एक ओळही लिहिली नव्हती. पत्र तसं छोटंच होतं.

'लेका, डॉक्टर आताशा माझ्याशी फार गोड बोलतात, म्हणजे काय ते समज. मी गादी सोडतो. आता तू बस. बसलास की दोन ओळी टाक. माझ्यामागे राज्य टिकतंय एवढं कळलं की मी सुटलो.'

राज्य कॉम्प्युटरवरचं होतं. वाचनालयात ग्रंथपालांनी जन्मभर पुस्तकं लावली, बाइंडरने ती शिवली, आणि निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून आकाशातले चाळीस ग्रह जिंकले! खेळात सम्राटाचं नाव विचारलं तेव्हा बाइंडरने बेधडक 'सम्राट बाइंडर पहिले' असं टाइप करायला लावलं. रोज संध्याकाळी तो मागच्या खुर्चीत रेलून हुकूम सोडायचा आणि ग्रंथपाल माउस हलवायचे.

"हल्ला!"

"अरे, पण आधी त्यांचं म्हणणं तरी..."

"लेका, हल्ला!"

मग बाइंडर आजारी पडला. मुलगी त्याला आपल्या गावी घेऊन गेली. कान गेलेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. खुर्ची रिकामी राहिली.

आता गादीवर बसणं म्हणजे एका बटणाचं काम. पण खेळात एक नियम होता. राजा बदलला की राज्याचं स्थैर्य एकदम घसरतं, आणि फार घसरलं की ग्रह फुटून निघतात. स्थैर्य होतं साठ. ग्रंथपालांनी आयुष्यात कधी वाचनालयाच्या सहलीचंही नेतृत्व केलेलं नव्हतं. पण या वेळी त्यांनी छाती पुढे काढून बायकोला सांगितलं, "आधी स्थैर्य शंभरावर नेतो. मग बसतो. मग थाटात पत्र लिहितो!"

"आज दोन ओळी लिहिल्यात तर काय बिघडेल?" बायको शेंगा सोलत म्हणाली.

"अगं, अर्धवट काय कळवायचं?"

त्यांनी प्रजेला खूश करायला कर माफ केले. प्रजा खूश झाली, खजिना आटला, आणि पगार नाही म्हणून आरमार रुसलं. आरमाराची समजूत काढायला त्यांनी सेनापतीला पंतप्रधान केलं. त्यावर शास्त्रज्ञ रुसले. म्हणून सेनापतीला काढून शास्त्रज्ञाला बसवलं, तर खाणवाल्यांनी काम बंद पाडलं! दर पंतप्रधानामागे स्थैर्य आणखी घसरायचं, आणि घसरलं म्हणून ग्रंथपाल पुन्हा पंतप्रधान बदलायचे. ते मंत्रिमंडळ राहिलं नाही, दवाखान्यातला बाक झाला. एक उठला की दुसरा टेकला!

"आज कोण?" बायको चहा ठेवताना विचारायची.

"हवामानखात्याचा माणूस."

"तो तरी टिकेल?"

"तो स्वतःच म्हणतोय, वादळाची शक्यता आहे."

ग्रह एकेक करून निघून गेले. जाताना प्रत्येक ग्रह निरोपाचा संदेश पाठवायचा आणि ग्रंथपाल प्रत्येकाला मनातल्या मनात 'सांभाळून राहा' म्हणायचे. लढायचं त्यांना सुचलंच नाही.

आणि एका सकाळी पडद्याला काळी चौकट आली. 'सम्राट बाइंडर पहिले वार्धक्याने निवर्तले.'

ग्रंथपालांचा हात माउसवर तसाच राहिला. खेळ मात्र थांबला नाही. वारस नेमलेला नाही असं पाहून त्याने परस्पर गादीवर धान्यकोठाराचा एक कारकून बसवला आणि तुताऱ्या वाजवल्या!

"अहो, असे पांढरेफटक का पडलात?" बायको धावत आली. तिने पडदा वाचला.

"खेळातलं आहे ते," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," ग्रंथपाल म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

दुपारी बाइंडरच्या मुलीचा फोन आला. ग्रंथपालांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"काका, बाबा रोज विचारतात, पत्र आलं का. आता त्यांना स्वतः वाचता येत नाही, मी कानाशी मोठ्याने वाचून दाखवीन. पण काका... जरा लवकर."

ग्रंथपाल कागद घेऊन बसले. 'राज्य उत्तम चाललं आहे,' असं लिहिलं आणि पेन अडलं.

"लिहा की टिकलं म्हणून," बायको हळूच म्हणाली. "ते कुठे बघायला येणार आहेत?"

"तो विचारेल, सेनापती कोण नेमलास. मग एक खोटा सेनापती काढावा लागेल. मग त्याच्या खोट्या लढाया." ग्रंथपालांनी पेन खाली ठेवलं. "आणि तो दर लढाईला शाबास म्हणेल गं."

त्यांनी कागद फाडला. कॉम्प्युटर लावला, धान्यकोठाराच्या कारकुनाची मनापासून माफी मागितली आणि ते बटण दाबलं. स्थैर्य नवावरून चारावर आलं. पण राज्य फुटलं नाही. फुटायला काही उरलंच नव्हतं!

मग नव्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'बाइंडर, मी सदतीस ग्रह घालवले. तीन आहेत. त्यांतल्या एकावर नुसता बर्फ आहे. तुझ्यामागे राज्य टिकलं नाही, कारण तू मागे बसलेला नव्हतास. पण आज मी गादीवर बसलोय. हुकूम सोड.'

लिफाफा चिकटवून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जवळजवळ धावतच गेले. मन बदलायच्या आत त्यांनी तो आत सोडला. टप्प असा आवाज झाला. आणि पेटीत हात कोपरापर्यंत घालून, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे ओशाळवाणं हसत ग्रंथपाल उभे राहिले. तब्येत कशी आहे, एवढं विचारायचं राहूनच गेलं होतं.