गफ्फार मिस्त्रीचा पिवळा रंग

एका सकाळी दार उघडलं, तर आमचा उंबरठा पिवळाधमक. वर काळे पट्टे, ट्रकच्या बंपरवर असतात तसे. उचललेला पाय माझा तसाच हवेत राहिला. शेजारचा गफ्फार मिस्त्री आमच्याच ओट्यावर बसून घासलेटात ब्रश धूत होता.

"पाय नका देऊ मास्तर, ओला हाय अजून."

"मिस्त्री, हे काय केलं?"

"रंग देल्ला. ट्रकचा रंग हाय, निघनार नाही."

रंग निघून जाईल हीच जणू माझी काळजी होती.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. हैदराबादकडे जाणारे ट्रक पांढरकवड्याला थांबत आणि मिस्त्री ते दुरुस्त करी. माणूस कामाचा पक्का, पण कोणतीही वस्तू पाहिली की एकच विचारी, "दुरून दिसते का?" मी नवा सदरा शिवला तेव्हा सगळ्यांनी कापडाचा भाव विचारला. मिस्त्री गल्लीच्या टोकाला गेला, डोळे बारीक करून उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "नाही दिसत. भिंतीत मिसळून गेले तुमी."

उंबरठ्यावर गल्ली हसली. पण पुढच्या आठवड्यात सार्वजनिक विहिरीचा कठडा तसाच पट्ट्यापट्ट्यांचा झाला, तेव्हा कोणी हसलं नाही. कापसाची मोठी शेती असलेले बापूराव गल्लीतले वडीलधारे. त्यांनी मिस्त्रीला सगळ्यांसमोर उभं केलं.

"काहून रे गफ्फार, हे विहीर हाय का ट्रक?"

मिस्त्री हळूच म्हणाला, "परवा जैतूनचा पाय कठड्यावरून आत चालला होता. मी मागं होतो म्हनून वाचली. तिले दिसत नाही, बापूराव."

जैतूनबी म्हणजे मिस्त्रीची बायको. रोज आमच्या घरी येऊन बोलायची, नावानिशी हाक मारायची. ती आम्हाला आवाजावरून ओळखते, हे गल्लीत एकालाही कळलं नव्हतं. बापूराव घसा खाकरून म्हणाले, "मंग पायरीले बी लाव."

मी मिस्त्रीच्या घरी गेलो. पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या, दाराची कडी लाल, भाताची थाळी काळीकुट्ट. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, चष्म्यानं काही होणार नाही, जेवढं दिसतं तेवढ्यावर भागवा. मिस्त्रीनं ते फारच मनावर घेतलं होतं. कुठल्याशा भंगार कॅमेऱ्याचं भिंग काढून, पितळी कड्यात बसवून त्यानं तिच्या गळ्यात घातलं होतं.

"बसा मास्तरभाऊ," जैतूनबी म्हणाली. "पाटावर नका बसू, तो बी रंगवला हाय."

"त्रास होत असेल या रंगाचा."

"हात लावू तिथं चिकटते. पन काळ्या थाळीत भात दिसला मले. लय दिसांनी मी भात पाह्यला."

मग मिस्त्रीनं पांढऱ्या काठीला सायकलची घंटी बसवून दिली. ती हातात आल्यावर जैतूनबीनं जाहीर केलं, की या बाजाराला मी एकटी जाणार. मिस्त्री चिडला, अबोला धरून बसला, शेवटी म्हणाला, "जा. मले तं वणीले जायाचं हाय, सामान आनाले."

त्या दिवशी मीही बाजारात होतो. घंटी ऐकून लोक बाजूला होत होते. जैतूनबी वांग्यांपाशी बसली आणि भिंग लावून एकेक वांगं तपासू लागली. माळीण बघतच राहिली.

"बाई, वांगे हायत हे, हिरे नाहीत."

"किडकं नेलं तं घरचा मानूस म्हनन, दिसलं नाही."

तेवढ्यात कांद्याच्या पोत्यांआड मला गफ्फार मिस्त्री दिसला. वणीला न जाता तिच्याकडे पाहत होता. ती उठली की हा उठे, ती थांबली की हा लपे. ती वांगी घेऊन बरोबर आमच्या गल्लीत वळली, तेव्हा तो पोत्यावर मटकन बसला.

"जमलं की मिस्त्री," मी म्हणालो.

"जमलं." त्यानं पोत्यातून निसटलेला कांदा परत आत टाकला. मग म्हणाला, "नजर कमी झाली तवापासून बाजारात तिचा हात माह्या खांद्यावर राहे, मास्तर. लोक हसत, म्हनत, बुढ्ढा नव्या नवरदेवावानी मिरवून राह्यला. आज पाह्यलं, तिले खांदा लागतच नाही."

त्यानं डोळे पुसले, हाताचं ग्रीस गालाला लागलं. तो उठून रस्त्याकडे निघाला.

"घर तर इकडं आहे," मी म्हणालो.

"वणीले जाऊन येतो. सामान न घेता गेलो तं तिले समजन, मी मागं होतो म्हनून."

आणि समोरून आलेल्या ट्रकला हात दाखवून तो खरोखरच चढून गेला.