गाजराचं पॉलिश

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस काही पडत नव्हता. पाहुण्यानं चपलाही न काढता दारातच उभं राहावं, तसा. घरात इतका अंधार, की मामांना आरशात स्वतःचं तोंड धड दिसलं नाही. (दिसलं असतं तर निदान ते घरी बसले असते.)

मामा बुटांच्या दुकानातले जुने विक्रेते. उभा जन्म गिऱ्हाइकांच्या पायांशी गेला. पण धाकट्या मालकांनी दुकानात झगझगीत दिवे लावले आणि फर्मान सोडलं, "मामा, आता पुढं जरा ताजे चेहरे हवेत. पुढच्या महिन्यापासून तुम्ही माळ्यावर बसून खोकी खाली देत जा." माळ्याला सरळसोट लोखंडी शिडी, आणि मामांचे गुडघे सपाट जमिनीवरसुद्धा कुरकुरणारे.

लेक औषधांच्या दुकानात कामाला. तिनं धीर दिला. "बाबा, लोखंडाला गंज चढतो ना, तसंच काहीसं शरीरातही चालतं. भाज्या-फळांतले अँटिऑक्सिडंट त्याला आवर घालतात. कातडीला बरं असतं. रोज एखादं गाजर खात जा."

एखादं! मामांचा सगळा हिशेब पॉलिशचा. एका हातानं कुठला बूट चमकलाय? एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा हात द्यावाच लागतो. मामांनी उठल्याबरोबर गाजराचा रस, डब्यात गाजर, निजताना पुन्हा रस असा सपाटा लावला. उरलेला चोथा तोंडाला फासून बसायचे, तो वेगळाच.

"भाजीवाली विचारत होती, घोडा पाळलाय का म्हणून," मामी म्हणाल्या.

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, घोडा असता तर ओझी तरी वाहिली असती!"

माळा चुकणार असेल तर घोडा व्हायलाही मामांची तयारी होती.

तर त्या अंधाऱ्या दिवशी मामा दुकानात शिरले आणि थेट नव्या दिव्यांखाली बसले. एका बाईंचा पाय त्यांनी मापासाठी हातात घेतला. बाईंनी तो विस्तवाला लागल्यासारखा मागं ओढला.

"अहो, तुमचे हात बघा! कावीळ झालीय तुम्हाला!"

गिऱ्हाइकं एका चपलेनिशी बाहेर पळाली. मालकांनी लांबूनच हात जोडले, "मामा, घरी जा. बरे होईपर्यंत येऊ नका."

डॉक्टरांनी पापण्या ओढून पाहिल्या. "डोळे तर पांढरे स्वच्छ आहेत. खाता काय?"

"गाजर," मामा म्हणाले.

"आणखी?"

"आणखी गाजर," मामी म्हणाल्या.

डॉक्टर पोट धरून हसले. "कावीळबिवीळ काही नाही. गाजराचाच रंग चढलाय. खाणं थांबवा, हळूहळू उतरेल."

रंग उतरेपर्यंत मामांच्या स्टुलावर मालकांचा मेहुणा बसला होता. तो ताजा होता की नाही कोण जाणे, पण मेहुणा होता. मामा मुकाट्यानं शिडी चढले.

संध्याकाळी घरचा जिना चढताना ते मधेच कठड्याला टेकले. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मामांचा उतरलेला चेहरा नीट न्याहाळला आणि कळवळून म्हणाल्या, "मामा, तुम्ही पिवळे होतात तेच बरं होतं हो. तेव्हा वाटायचं, माणूस आजारी आहे, होईल बरा."