एका बोटाचं स्टेअरिंग

आमच्या जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग बसवायचं मी ठरवलं, आणि ही गोष्ट घरात कुणाला कळू द्यायची नाही, हेही त्याच दमात ठरवलं.

कारण सांगतो. हा ट्रॅक्टर वयानं माझ्याहून मोठा. स्टेअरिंग इतकं जड, की मांडवगणच्या काळ्या रानात बांधाशी वळताना मी सीटवरून अर्धा उभा राहायचो. संध्याकाळी खांदे धरून ओट्यावर बसलो की राजनंदिनी (माझी बायको) तेल कोमट करून आणायची. सकाळ-संध्याकाळ दोन्ही गाईंच्या धाराही तीच काढायची. "ऱ्हाऊ द्या, तुमचं हात दुखत्यात," म्हणायची. स्टेअरिंग हलकं झाल्याचं तिला कळलं असतं, तर तेल बंद झालं असतं आणि गोठा माझ्या गळ्यात पडला असता.

(पण हात खरंच दुखायचे हो! ग्रीस मारून पाहिलं, पुढच्या टायरांत हवा भरून पाहिली.) शेवटी घरी क्लचप्लेटचं निमित्त सांगून भीमेपलीकडं कासुर्डीला चांगदेव मिस्त्रीकडे गेलो.

"मालक, आता एका बोटानं वळंल बघा," काम झाल्यावर मिस्त्री म्हणाला.

"हळू बोला!" मी म्हणालो. (गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो.)

पुढचे दिवस स्वर्गसुखाचे. दिवसभर मजेत नांगरट आणि संध्याकाळी मनसोक्त कण्हणं. कण्हण्याचा सराव मी घरी येताना रस्त्यातच करून घ्यायचो.

मग एका संध्याकाळी तेल चोळता चोळता तिनं विचारलं, "लई दुखतंय का हो?"

"जीव चाललाय."

"कंचा हात?"

"दोन्ही."

"डाव्या हातात तर मोबाइल हुता."

मी कण्हायचा थांबलो.

"दुपारी च्या घिऊन बांधावर उभी हुते मी. तुम्ही रील बघून हसत व्हता, आन् एका बोटानं ट्रॅक्टर वळवत व्हता."

ती रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो. पण ती पदर तोंडाला लावून हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी उठलो तर चावी तिच्या कमरेला.

"एका बोटाचं काम हाय, मी करते. तुमची नऊ बोटं रिकामीच हायेत, धारा काढा."

पंधरवड्यात तिची नांगरट गावभर गाजली. परवा मी गाईखाली बसलो असताना फोन आला.

"नांगरटीला ट्रॅक्टर पायजे हुता. ताई हायेत का?"

"मी तिचा नवरा बोलतोय," मी आवाज जड करून म्हणालो. "ट्रॅक्टर माझाच हाय."

"व्हय का, दाजी? मग ताईंना इचारून सांगा की, उद्या देत्याल का."

विचारलं. उद्या जमणार नाही म्हणाली, आणि माझ्या बादलीत डोकावून म्हणाली, "एवढंच?"