एकशे बेचाळीस सुटे भाग

दुपारी तीन वाजता घड्याळजींनी संगणकापुढे पांढरं फडकं अंथरलं, तेव्हाच त्यांच्या बायकोने ओळखलं की आज काहीतरी उघडलं जाणार.

चाळीस वर्षं दुकानात बसून घड्याळजींच्या हातात एकच पद्धत मुरली होती. घड्याळ बिघडलं की आधी सगळं काढायचं. काटे, चाकं, स्क्रू, स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने फडक्यावर मांडायचं, पुसायचं आणि उलट्या क्रमाने परत बसवायचं. दुकान बंद केल्यावर भाच्याने त्यांना आपला जुना संगणक दिला, तोही विंडोजऐवजी लिनक्स घालून. "मामा, हे कधी अडत नाही, आणि अडलंच तर उघडून बघता येतं," असं तो म्हणाला होता. त्यातला शेवटचा भाग त्याने मनात ठेवायला हवा होता.

चार वाजता ताई येणार होती. घड्याळजींची थोरली बहीण, भाच्याची आई. आता कायमची मुलाकडे राहायला निघाली होती. सहाची गाडी होती. जाण्याआधी तिला वडिलांचा आवाज ऐकवायचा, असा शब्द घड्याळजींनी दिला होता. वडील गाऊन निरूपण करत. समोर दहा माणसं असोत की दोनशे, त्यांचा सूर लागला की पायऱ्यांवर बसलेलेही आत सरकत. त्यांचं शेवटचं निरूपण ताईला ऐकता आलं नव्हतं, कारण त्याच आठवड्यात भाच्याचा जन्म झाला. पुढे चार दिवसांत वडील गेले. ते निरूपण घड्याळजींनी स्वतः दुरुस्त केलेल्या टेपवर भरून ठेवलं होतं, पण पुन्हा लावून ऐकायचा धीर त्यांना कधी झाला नाही. महिन्यापूर्वी कॅसेट सापडली, स्टुडिओवाल्याने ती उतरवून पेन ड्राइव्हवर दिली, आणि आता संगणक म्हणत होता की ही फाइल उलगडायला लागणारी वस्तू माझ्याकडे नाही.

बायकोने सुचवलं, फाइल भाच्याला पाठवून द्या, तो ताईंना तिकडे निवांत ऐकवेल.

"तिचं ऐकणं होईल," घड्याळजी म्हणाले. "आमचं दोघांचं नाही होणार."

बायको ओट्याकडे वळली. तिने चहाचं आधण ठेवलं.

घड्याळजींनी नवा प्लेअर बसवायला घेतला. नव्या प्लेअरला एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम मिळून वापरतात तो आतला भाग, नवी हवी होती. तीच लायब्ररी जुनी हवी, असा हट्ट रेडिओच्या प्रोग्रामचा होता. तो रेडिओ घड्याळजींनी मागे इंटरनेटवरच्या कुठल्याशा परक्या कोठारातून आणून घातला होता. म्हणजे एकच स्प्रिंग आणि दोन घड्याळं, हे त्यांना चटकन समजलं. त्यांनी रेडिओ काढायला सांगितला. रेडिओ निघेना, कारण त्याच्या आधारावर आवाजाचं बटण उभं होतं. बटणाच्या आधारावर खालची पट्टी होती. पट्टीच्या आधारावर काय होतं ते त्यांनी पुढे वाचलं नाही.

मग त्यांना इंटरनेटवर एक गृहस्थ भेटले. फोटोच्या जागी मांजर होतं, पण लिहिणं अधिकारवाणीचं. त्यांनी टाइप करायची एक ओळ दिली होती आणि खाली इशारा दिला होता. घड्याळजींनी ओळ तशीच संगणकात उतरवली. इशारा लांबलचक होता.

पडद्यावर यादी आली. पुढील एकशे बेचाळीस पॅकेजं काढली जातील. घड्याळजींचा चेहरा उजळला. इतका वेळ यंत्र परकं वाटत होतं, आता ते ओळखीच्या भाषेत बोलू लागलं. त्यांनी वही उघडली आणि क्रमांक घालून नावं लिहायला घेतली, म्हणजे परत बसवताना गोंधळ नको.

"अहो, सगळंच काढायचं म्हणतोय तो," बायको मागून वाचत म्हणाली.

"काढल्याशिवाय बसणार कसं?"

संगणकाला मात्र शंका होती. हे काढणं धोक्याचं आहे, खरंच करायचं असेल तर 'होय, मी सांगतो तसंच कर' हे वाक्य पूर्ण टाइप करा, असं त्याने बजावलं. घड्याळजींनी ते वाक्य एकेक अक्षर शोधून टाइप केलं. आयुष्यभर इतका आज्ञाधारक कारागीर आपल्याला मिळाला नाही, याची त्यांना जरा हळहळही वाटली.

त्यांचं सतरावं नाव लिहून होईतो खिडक्या गेल्या, चित्रं गेली, बाणही गेला. काळा पडदा उरला आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. फडक्यावर काहीच नव्हतं. घड्याळजींनी टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं.

तेवढ्यात ताई आली. तिने चप्पल काढली, पडद्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि पदराने घाम टिपत खुर्चीत बसली.

"उघडलंस ना?" तिने विचारलं.

"बसवतोय."

"मला पाचला निघायचंय. तेवढं लक्षात ठेव."

भाच्याला फोन लावला. तो ऑफिसात मीटिंगमध्ये होता आणि टेबलाखाली तोंड घालून बोलत असावा, असा त्याचा आवाज येत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. काढलेले भाग कुठे ठेवलेत, असं मामांनी विचारलं. ते कुठेच ठेवत नाहीत मामा, असं त्याने सांगितलं. पुन्हा आणायला रात्र होईल. आईला निघू द्या, मी इकडे ऐकवतो.

घड्याळजींनी फोन कानापासून दूर धरला. त्यांचा कपाळाकडे गेलेला हात तिथेच राहिला. ताईने ते पाहिलं आणि फोन स्वतःकडे घेतला.

"हे बघ, तुझ्यापायी ते निरूपण माझं एकदा हुकलंय," ती मुलाला म्हणाली. "आता नीट विचार करून सांग. काहीतरी उरलं असेल की त्यात."

भाच्याने विचार केला. मग मामांना यादीची शेवटची ओळ आठवायला सांगितली. ती वहीत होती, कारण घड्याळजींनी शेवटची ओळ आधी लिहून ठेवली होती. परत बसवताना तिथूनच सुरुवात करायची असते. एक नवं पॅकेज बसवलं जाईल, असं त्या ओळीत होतं.

"मग प्लेअर बसलाय, मामा," भाचा कुजबुजला. "त्याला बसायला जागा द्यायला बाकीचे उठले, एवढंच. त्याला खिडकी लागत नाही. काळ्या पडद्यावरूनसुद्धा गाईल तो."

आता फक्त प्लेअरचं नाव आणि फाइलचं नाव टाइप करायचं होतं. पण स्टुडिओवाल्याने फाइलला वडिलांचं पूर्ण नाव दिलं होतं, मराठीत, आणि काळ्या पडद्यावर मराठीच्या जागी नुसते चौकोन उमटत होते. भाच्याने सांगितलं, नावाच्या जागी चांदणी टाका. चांदणी म्हणजे जे काही असेल ते सगळं. घड्याळजींनी चांदणी शोधली, टाकली आणि डोळे मिटून एंटर दाबलं.

"गुडघा सरळ करा," एक तरतरीत बाई खोलीत बोलली. "श्वास सोडा."

तिघांनीही सोडला. गुडघ्यांचा तो व्यायाम बायकोने नेटवरून त्याच फोल्डरमध्ये उतरवून ठेवला होता आणि यादीत तो वडिलांच्या आधी लागत होता. बाईंनी दोन्ही गुडघे पूर्ण करवून घेतले. घड्याळात साडेचार झाले. मग खरखर आली, पेटीचा भाता हलल्याचा आवाज आला, आणि वडील गाऊ लागले.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. बघायला पडद्यावरही काही नव्हतं. काळोख आणि आवाज, एवढंच. दार उघडं ठेवून देवाची वाट पाहणाऱ्या एका म्हातारीची कथा होती. ती रोज अंगण झाडते, रोज दोन पानं मांडते, आणि देव काही येत नाही. एक दिवस ती दमून पडते. वडील थांबले. सूर खाली आणला. "तेव्हा उंबऱ्यावर पाऊल वाजलं. देव आत आला, आणि म्हणाला…"

इथे टेपवर काहीतरी खटखटलं. वडिलांचा आवाज बदलला, रोजचा झाला. "मागे झाकण कोण उघडतंय? बाळ, चाललंय ना ते? मग चालू दे की."

लोक हसले. खट्ट आवाज झाला. पुढे नुसती खरखर.

घड्याळजींना सगळं आठवलं. चाकाचा आवाज किंचित वेगळा येत होता म्हणून त्यांनी झाकण उचललं होतं. त्यांनी मान खाली घातली. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की संपूर्ण निरूपण आपण जपून ठेवलंय.

"ताई, मीच," ते म्हणाले.

"ते ऐकलं मी." ताईने डोळे पुसले, पण तिला हसूही आवरत नव्हतं. "सगळ्या सभेनेच ऐकलं. पुढे काय झालं?"

"पुढे नाहीये."

"टेपमध्ये नाहीये. तू होतास ना तिथे?"

घड्याळजींनी मान वर केली. मग त्यांनी घसा साफ केला आणि बेसूर, चिरक्या आवाजात वडिलांची चाल धरली. देव म्हणाला, आई, मला उशीर झाला. म्हातारी म्हणाली, पान वाढून ठेवलंय, आधी बस. एवढंच म्हणायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. दारात उभी असलेली बायको ताईंसाठी टाकलेला चहा विसरली. नवऱ्याच्या तोंडून ही कथा तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

"चाल तशीच आहे," ताई म्हणाली. "सूर मात्र तुझा तू लावलास. त्यानंतर अभंग म्हटला असेल ना त्यांनी? तो आठवतो?"

आठवत होता. पाच कडव्यांचा होता.

फोन अजून चालूच होता. भाचा हळूच म्हणाला, आई, पाच वाजले, रिक्षा बोलवू का?

ताईने मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"गाडी उद्यापण असते," ती म्हणाली. "तू मीटिंगकडे लक्ष दे."